त्याच्या भाषेत समजावून सांगितले

"ती नळी चिमट्यानं उचल. तिच्या तोंडातली आहे."

डॉक्टरसाहेब कंपाउंडरला हे म्हणाले तेव्हा मी समोरच उभी होते. एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्याच्या त्या दवाखान्यात औषध कंपनीचे दोन पाहुणे आले होते. दम्याचं नवं औषध आमच्या पेशंटांवर तपासायचं होतं. छातीचा जोर मोजायच्या यंत्राच्या नळीत कसं फुंकायचं, ते साहेबांनी मलाच करून दाखवायला लावलं होतं. पाहुण्यांतला एक हसला.

"फेकू?" कंपाउंडरनं विचारलं.

"फेकू नको. तिच्याच बायांना लागेल."

तिच्याच बाया. म्हणजे दोंडाईच्याकडच्या, आमच्या वस्तीतल्या, मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडून दमेकरी झालेल्या. शहरातल्या पेशंटाला दर वेळी नवी नळी. आमच्या सगळ्यांना एकच. एकीची थुंकी दुसरीच्या ओठाला. मी फडक्यानं पुसायचे.

मला ठेवलं होतं ते अहिराणीसाठी. साहेब पुण्याकडचे. बाया आत आल्या की नाकाला रुमाल लावायचे. संमतीच्या कागदावर खाली छापलेलं असायचं : 'रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगितले.' त्याखाली बाईचा अंगठा आणि साक्षीदार म्हणून माझी सही. मी काय समजावलं? "आंगठा दे माय, भारी औषध शे." बस. निम्म्या गोळ्यांत औषधच नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तपासणीआधी आठवडाभर जुन्या गोळ्या बंद करायलाही मीच सांगायचे.

मग मावशी आली. आईची सख्खी बहीण. "आपली पोर शे तठे, मंग कसानं भेव?" असं वस्तीभर सांगून आलेली. आठवडाभर गोळी नाही, तरी तिनं जीव खाऊन फुंकलं. तिला वाटलं, परीक्षा आहे. आकडा चांगला आला, आणि तिथंच अडलं. ठरलेल्या रेषेखाली आकडा असला तरच पेशंट घेता येत होता.

"हिला जिना चढव, आकडा उतरेल," साहेब म्हणाले.

मी चढवला. दोनदा. तिसऱ्यांदा ती मधल्या पायरीवरच बसली. छातीतून शिट्टी वाजत होती. ओठ जांभळे.

"साहेब, इंजेक्शन!"

"आधी आकडा घे."

आणि मी घेतला. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. तिच्या तोंडात ती नळी मी कोंबली, आकडा लिहिला, मग सुई टोचली गेली. बऱ्याच वेळानं श्वास जागेवर आला तेव्हा तिनं माझा हात धरला.

"बेटा, माले पास करं का साहेबनी?"

मी मोरीत जाऊन ओकले. साहेबांची किळस आलीच. पण तोंड धुताना माझ्याच हातांना मिरचीचा आणि थुंकीचा वास येत होता. त्याची जास्त आली.

बाहेर बाकावर सात बाया बसलेल्या. साहेब दारातून म्हणाले, "चल, अंगठे घे."

मी बाकासमोर उभी राहिले. पहिल्यांदाच खरं बोलले. "मायहो, आठे तुमनावर औषध पारखी ऱ्हायनात. निम्म्या गोयासमा औषधच नही. जिना चढाडीसन दम लावतस. आंगठा देऊ नका. जुन्या गोया सोडू नका. घर जा."

बाया उठल्या. एक म्हातारी साहेबांसमोर थांबली. "तूच चढ ना दादा जिना!"

साहेबांना काही कळेना. "काय सांगितलंस त्यांना?"

"त्यांच्या भाषेत समजावून सांगितलं. कागदावर आहे तसं."

नळी मी हातानंच उचलली. त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि निघाले.

यात शौर्य काही नाही. त्याआधीचे सगळे कागद कुठल्या तरी फायलीत असतील. प्रत्येकावर माझी सही. मावशीनं पुढे दोन हिवाळे काढले. तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. अंगठा दिलेल्या बाकीच्यांतल्या काही अजून आहेत, काहींची मुलं आहेत. घरं मला माहीत आहेत. आता एकेका दारात जाणार आहे. तुमच्या आईचा अंगठा मी खोटं बोलून घेतला, असं तोंडावर सांगणार आहे. दार लावलं तर बाहेर उभी राहीन. थुंकले, तर पुसणार नाही.