सकाळी सायकलवर आलेला माणूस

उन्हाळ्यातल्या दर रविवारी आम्ही तिघं सायकल चालवायचो आणि सोमवारी संध्याकाळी गोंदियातल्या चहाच्या टपरीवर तीच सायकल पुन्हा तोंडानं चालवायचो. ही दुसरी फेरी नेहमी जास्त लांब व्हायची. औषधांच्या दुकानाचे मालक तीस किलोमीटरचे पन्नास करायचे, कॉलेजातले सर रानडुकराचं अस्वल करायचे. मी सरकारी कचेरीतला कारकून, तिघांत सायकलही माझीच स्वस्त, म्हणून मी मुकाट्यानं ऐकायचो. पण एका मे महिन्यानंतर सगळं बदललं. गावातले दुसरे सायकलवाले टपरीवर आले की आधी मलाच धरायचे, "भाऊ, वो मौसीवाला किस्सा सुनाओ ना!"

तो किस्सा मी शंभरदा तरी सांगितला असेल, पण दर वेळी अर्धाच. उरलेला अर्धा इथे पहिल्यांदा लिहितो आहे, आणि लिहून झाल्यावर तरी तो मला कळेल का, याची खात्री नाही.

आमच्याकडे मे महिन्यात दहा वाजता बाहेर राहिलात तर डोकं तापून बुद्धी जाते. म्हणून पहाटे पाचला निघून दहाच्या आत घरी, असा नियम. त्या रविवारी आम्ही गोरेगावच्या बाजूनं नागझिऱ्याच्या जंगलाकडे गेलो. तेंदूपत्त्याचे दिवस होते, बायाबापडे पानं तोडायला जंगलात जाऊन राहिले होते. आमची हेल्मेटं आणि गियर बघून एकजण थांबला. "कायले आले जी इकडे?" मी म्हटलं, "असंच." "पेट्रोल संपला काय गाडीतला?" "नाही, असंच फिरायले." तो आमच्याकडे जरा काळजीनं बघून पुढे गेला. हे 'असंच' आमच्या भागात कोणालाच पटत नाही. खरं सांगायचं तर मलाही ते कधी नीट सांगता आलेलं नाही.

परतताना बाटल्यांतलं पाणी संपलं. एका फाट्यावर आलो आणि माझ्या लक्षात आलं की मावशीचं गाव इथून तीनच किलोमीटर आत आहे. मी म्हटलं, चला, पाणी पिऊ.

आता हे सांगायला हवं की आमच्या घराचं आणि मावशीचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. आजी शेवटचं वर्षभर मावशीकडे अंथरुणाला खिळून होती. ती गेली तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता, आणि मावशीच्या गावात तर कोणाकडेच नव्हता. मावशीचं म्हणणं, तिनं आदल्या दिवशीच आजीची तब्येत बिघडल्याचा निरोप घेऊन सायकलवर माणूस धाडला होता, तो मधातच दारू पिऊन पडला. आम्हाला आजी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारात कोणीतरी सांगितलं. माय तिथं पोचली तेव्हा राख थंड झाली होती. सगळ्यांसमोर माय म्हणाली, "तुनं कोनालेच धाडला नाही." मावशी म्हणाली, "धाडला होता." बस, तेवढ्यावर दोन सख्ख्या बहिणी तुटल्या.

मला फक्त तहानच लागली होती का, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. मावशी मला आवडायची. पण मी काही ठरवून गेलो नव्हतो. माझं डोकं नेहमी मागाहून चालतं.

सातच्या सुमारास आम्ही तिच्या आंगणात उतरलो. तिघंही घामाघूम, गळ्यात पांढरे दुपट्टे. मावशी झाडून राहिली होती. तिनं मला बघितलं आणि हातातली झाडणी खाली पडली.

"काय झाला?"

"काही नाही, मावशी. पानी दे."

पाणी मागायला नको होतं. फोन नव्हते तेव्हा आमच्या भागात मयतीचा निरोप सकाळी सायकलवर यायचा. निरोप आणणारा कधी सरळ बोलायचा नाही. आधी पाणी मागायचा, मग बसायचा, मग म्हणायचा, तब्येत जराशी जास्त आहे, चाला. त्यावर बाया रडायला लागायच्या. मी याच मुलुखात वाढलो, मला हे सगळं ठाऊक होतं, पण त्या घडीला एकही गोष्ट आठवली नाही.

"तू काऊन आलास बाबू येवढ्या सकारी?"

"असंच. फिरायले."

"सायकलनं? फिरायले?" ती जवळ आली. "बाई कशी आहे?"

बाई म्हणजे माझी माय, तिची थोरली बहीण. मी म्हटलं, "बरी आहे."

त्या 'बरी आहे'वर ती मटकन खालीच बसली आणि तिनं टाहो फोडला. शेजारच्या चार बाया धावत आल्या आणि कारण न विचारताच रडायला लागल्या. मी जितका म्हणू लागलो की माय धडधाकट आहे, तितका त्यांचा आवाज चढत गेला. सर पुढे होऊन पुस्तकी मराठीत म्हणाले, "आपण धीर धरा, त्यांची प्रकृती उत्तम आहे." त्यानं तर उरलासुरला संशय फिटला. औषधवाल्यांना आमची बोली फारशी कळत नाही. त्यांना वाटलं या घरातच कोणी गेलंय. त्यांनी हेल्मेट काढलं आणि मान खाली घालून भिंतीशी उभे राहिले.

मी मायला फोन लावला. नुसती रिंग जायची. रविवारी सकाळी ती विहारात वंदनेला जाते आणि फोन घरी उशाखाली ठेवते. एक म्हातारी माझ्या हातातल्या फोनकडे बघून म्हणाली, "आता कोन उचलंन?" खोटं कशाला सांगू, तेव्हा मीसुद्धा घाबरलो. एवढ्या बाया रडताहेत तर काही झालं असेल का, असं मलाच वाटायला लागलं.

टपरीवर मी इथून एकदम शेवटावर उडी मारायचो. मायनं फोन केला, मी तो मावशीच्या कानाला लावला, आणि अकरा वर्षांनी मावशी बहिणीशी पहिलं वाक्य बोलली ते हे, "मेली नाहीस काय?" तिकडून माय म्हणाली, "नाही वो, वंदनेले गेली होती." मग मावशीनं मला झाडणी फेकून मारली. इथे टपरीवर सगळे पोट धरून हसायचे आणि कोणीतरी चहाची ऑर्डर द्यायचं.

मधला भाग असा होता. फोन येईपर्यंत मी मावशीजवळ जमिनीवर बसलो होतो. बाकीच्या बाया आपापल्या सुरात रडत होत्या, म्हणून मावशीचे शब्द फक्त मला ऐकू येत होते.

"माय वो बाई, म्या कोनालेच नाही धाडला वो. आपली माय मरताना तुझा नाव घेऊन राहिली होती. म्या तिले म्हनला, येऊन राहिली बाई, येऊन राहिली. वर्सभर तिचा सारा म्या केला, तू बिस्किटाचा पुडा घेऊन येस नं संध्याकारच्या गाडीनं जास. राग होता माह्या मनात. आता कोनाले सांगू वो?"

मी हादरलो. अकरा वर्षं मी त्या दारूड्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आणि तो माणूस कधी नव्हताच.

नंतर चहा झाला, हसणं झालं. निघताना मावशी गावाच्या टोकापर्यंत आली. सर आणि औषधवाले पुढे निघाले तेव्हा तिनं माझ्या सायकलचं हँडल धरलं. "मी काय बोलली ते बाईले नको सांगजो." मी मान हलवली. तिनं हँडल सोडलं नाही. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली आणि पुन्हा म्हणाली, "नको सांगजो, बाबू." मी म्हटलं, "नाही सांगत, मावशी. शब्द." एवढ्या मोठ्या गोष्टीत आपण शब्दाला जागणार, म्हणून मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

त्यानंतर दोघी पुन्हा बहिणी झाल्या. मावशी दिवाळीला आमच्याकडे यायची, माय तिकडे जाऊन आठ आठ दिवस राहायची. जुना विषय कोणी काढला नाही. पण एकदा तांदूळ निवडताना मायनं मला विचारलं, "मी मेली समजून काय म्हनून रडली रे ती?"

"काही नाही. नुसतीच ओरडून राहिली होती."

माय हसली. मग तांदळातला एक खडा वेचून म्हणाली, "काही तं म्हनली असंन."

"नाही."

पुढे तिनं आणखी दोनदा विचारलं, दर वेळी सहज विचारल्यासारखं. मी दर वेळी तेच उत्तर दिलं. शब्द दिला होता. आणि भीतीही होती. आत्ता कुठे जुळलंय, ते माझ्या तोंडानं पुन्हा तुटायला नको. दिलेला शब्द पाळणं बरोबर की मायला खरं सांगणं, याचा घोळ मी सायकल चालवतानाही घालत बसायचो. चार वर्षं अशीच गेली.

मग एका थंडीत माय गेली. मी मावशीला फोन केला आणि सरळ सांगितलं, माय गेली. ती दुपारच्या बसनं आली, मायच्या उशाशी बसली आणि रडली नाही. अगदी शेवटपर्यंत नाही. बाया आपसात कुजबुजल्या. मला तिचा राग आला.

सगळं आटोपल्यावर संध्याकाळी ती मागच्या आंगणात आली. मी तिथं भिंतीला लावलेल्या सायकलजवळ उगाच उभा होतो. तिनं हळू आवाजात विचारलं, "तुनं सांगितला होता ना तिले?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, ती चार वर्षं हेच धरून चालली होती.

"तूच तं म्हनली होती, नको सांगजो."

असं मी म्हणायला हवं होतं. पण ती माझ्या तोंडाकडे तशीच बघत होती, त्या दिवशी गावाच्या टोकाला बघत होती तशी. मी म्हटलं, "हो. त्याच दिवशी."

मावशीनं डोळे मिटले. "माहीत होता मले तू सांगशीन म्हनून," ती म्हणाली. "सारा माहीत असून चार वर्स माह्या हातचा चा पेत राहिली माही बाई. एक शब्द नाही बोलली." आणि तिथं, सायकलच्या सीटवर कपाळ टेकून, ती त्या दिवसात पहिल्यांदा रडली.

मी आत जाऊन तिच्यासाठी पाणी घेऊन आलो.