जागा झालेला लॅपटॉप
तापलेल्या लॅपटॉपचा वास आला की मला सिहोऱ्यातली ती दुपार आठवते. मित्र नोकरीसाठी पुण्याला गेले होते आणि गावात मी एकटाच उरलो होतो. माझा जुना लॅपटॉप झाकण मिटलं की पुन्हा जागाच होत नसे. खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलवर, म्हणजे तिच्या गाभ्यावर, काम करणाऱ्या एका परदेशी माणसाने त्यासाठी दुरुस्तीचा पॅच, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, लिहिला होता, पण तसं मशीन त्याच्याकडे नव्हतं. तो मेलने नवा पॅच पाठवायचा, मी तो माझ्या लॅपटॉपवर तपासून काय बिघडलं ते कळवायचो. आईखेरीज माझं बोलणं तेवढ्या एकाशीच होतं. त्या दुपारी झाकण उघडलं आणि स्क्रीन उजळली. मी मात्र त्याला मेल न लिहिता तसाच बसलो. चाललं म्हणून कळवलं की त्याच्या मेल थांबणार होत्या. अंगणात मासोळीचं जाळं सांधत बसलेली आई म्हणाली, "काहून असा बसला रे? अजून बिगडला का?" "नाही, सुरू झाला." "मंग सांग ना त्याले. वाट पाहून राहिला असन बिचारा." मी कळवलं. त्याने आभार मानले, पॅचखाली तपासणारा म्हणून माझं नाव लिहिलं, आणि पुन्हा कधी त्याची मेल आली नाही. त्याच्या नावाखालचं माझं नाव मी अजूनही कधीतरी तो पॅच उघडून पाहतो.