तळाची बेरीज

आमच्या घरी फुलांच्या आणि केळीच्या वाडीची एक वही असते. सकाळी चाफा खुडून झाला की कोणत्या ओळीतून किती फुले निघाली ते लिहायचे आणि खाली रेघ मारून बेरीज करायची. माझे शिक्षण चौथीपर्यंत, पण बेरजेत मी चुकत नाही. म्हातारा वरचे आकडे कधी बघत नसे. पडवीतल्या खाटेवर बसून विचारायचा, "तळाला काय?" मी आकडा सांगायची. कालच्यापेक्षा जास्त निघाला की चहा मागायचा, कमी निघाला की गप्प बसायचा. लग्न झाल्यापासून हेच. म्हातारा म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला अहो म्हणते.

गेल्या वर्षी त्याचे हृदय थकले आणि छातीत पाणी झाले. बारा दिवस दवाखान्यात काढून त्याला घरी आणला. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतले.

"आजी, पाणी पुन्हा भरायला लागलं तर एक दिवस थांबायचं नाही. या वेळी वाचले. पुढच्या वेळी उशीर झाला तर माझ्याही हातात काही नसेल."

"भरतंय ते मला कळणार कसं?"

"वहीत कळेल. नर्स लिहितात तसं रोज लिहा."

त्या दिवसापासून मला त्या वहीची भीती बसली. माणूस जगणार की जाणार हे वहीत दिसणार, आणि ती वही वाचणार कोण तर मी. चौथी पास.

नर्सच्या कागदावर होते तसेच रकाने मी फुलांच्या वहीच्या मागच्या पानांवर पट्टीने आखले. पहिला बेड नंबर, चौदा. मग ताप, वजन, नाडी. मग धाप. तिचे चार नंबर नर्सने समजावले होते: चालून काही होत नसेल तर एक, जिना चढून लागली तर दोन, न्हाणीघरापर्यंत जाऊन लागली तर तीन, बसल्या जागी लागली तर चार. मग झोपताना उशा किती लागल्या ते. शेवटी लघवी, मापाच्या भांड्यात मोजून. वजनासाठी त्याला केळीचे लोंगर, म्हणजे घड, तोलायच्या काट्यावर उभा करायची.

पहिल्याच दिवशी काट्यावरून उतरताना तो म्हणाला, "मला कितव्या नंबरच्या मालात घालतेस?"

"तिसऱ्या. डाग पडलेत."

"मग फुकट जाणार म्हण की."

मी हसले नाही. वही घेतली, आकडे लिहिले आणि हाताच्या सवयीने खाली रेघ मारून बेरीज केली. सतराशे सहा. त्याने विचारले, "तळाला काय?" मी सांगितले.

दवाखान्यात जे जे उतरले होते ते सगळे चांगले होते. ताप उतरला, नाडी उतरली, सूज उतरली, वजन उतरले. डॉक्टर रोज येऊन म्हणायचे, उतरतंय, छान. म्हणून बेरीज उतरली तर छान, असे मी ठरवले. कोणाला विचारले नाही. विचारले असते तर आपल्याला काही कळत नाही हे उघडे पडले असते.

आणि बेरीज उतरत गेली. रोज शे-दीडशेने. म्हातारा आकडा ऐकून मान हलवायचा. मला मात्र धीर वाटायचा आणि वाटायचाही नाही. तो जेवताना मध्येच थांबायचा. फुलांच्या टोपलीकडे जाऊन परत आला की खांबाला धरून उभा राहायचा. मी म्हणायची, "दम लागतो का?" तो म्हणायचा, "आकडा उतरला ना? मग झालं." त्याला पुन्हा दवाखान्यात जायचे नव्हते. मलाही न्यायचे नव्हते. आम्ही दोघेही त्या तळाच्या आकड्याला धरून बसलो होतो.

सहाव्या दिवशी दुपारी नात आली. लेकीची मुलगी, आचोळ्याला राहते. त्यांच्या इमारतीत शेजारी फरशी फोडायचे काम निघाले होते, म्हणून अभ्यासाला माझ्याकडे आली. कॉलेजचे पहिले वर्ष. तिलाही भीती होती, संख्याशास्त्राच्या पेपरची. पडवीत येरझाऱ्या घालत चार इंग्रजी शब्द घोकत होती.

"नॉमिनल, ऑर्डिनल, इंटरव्हल, रेशो. आजी, हा प्रश्न हमखास येतो आणि मी हमखास चुकते. दहा गोष्टी देतात आणि विचारतात, यातला कोणता चल कोणत्या जातीचा."

"चल म्हणजे?"

"जे माणसागणिक किंवा दिवसागणिक बदलतं ते. रंग, वजन, काहीही. कधी नुसतं नाव असतं. कधी क्रम असतो, पण दोन पायऱ्यांत अंतर किती ते कळत नाही."

"एक नंबर केळं, दोन नंबर केळं," मी म्हटले. "एक आणि दोनमध्ये फरक बघायला चष्मा लागतो. तीन नंबर म्हशीपुढे टाकतात."

ती थांबली. "आजी, हेच! हेच ऑर्डिनल. अजून सांग ना, मला असंच हवंय."

मी तिला वही दिली. म्हटले, यात सात रकाने आहेत, याच्यावर सराव कर.

ती खाली बसली. "बेड नंबर चौदा. हे आकड्यासारखं दिसतं, पण नाव आहे. नॉमिनल." मग हसली. "आजी, घरी कसला बेड चौदा?"

"कागदावर होता."

"बरं. ताप अठ्ठ्याण्णव. इथे शून्य म्हणजे ताप नाही असं नसतं, म्हणून हा इंटरव्हल. एकोणपन्नास झाला तर निम्मा झाला असं नाही म्हणता येत."

"एकोणपन्नास झाला तर तुझे आजोबा गेलेले असतील."

"आजी!"

"बाय, खरं तेच बोलले."

"वजन रेशो, त्याला खरं शून्य आहे. नाडीही रेशो. धाप तुझ्या केळ्यांसारखी, ऑर्डिनल. उशा मोजून रेशो. लघवी रेशो." तिचे बोट रेघेखाली आले. "हे खाली काय?"

"बेरीज."

"कशाची?"

"सगळ्याची."

"बेड नंबर, ताप आणि लघवीची?" ती इतकी हसली की खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "काय झालं, मलाही सांगा." ती सांगायला वळली, आणि तिचे हसू अर्ध्यातच गेले. तिने वही पुन्हा जवळ घेतली. पहिल्या दिवसाचे पान, मग त्या दिवसाचे पान. पुन्हा पहिले. मला तिचा चेहरा अजिबात आवडला नाही.

ती हळू आवाजात म्हणाली, "आजी, इकडे ये. बेरीज का उतरली माहितीये? लघवी चौदाशे पन्नास होती, आज सातशे आहे. बाकी काहीच उतरलं नाही. वजन अठ्ठावन्न होतं, एकसष्ट झालंय. नाडी चौऱ्याऐंशी होती, एकशे चार आहे. धाप एकवर होती, तीनवर आली. उशा एकीच्या तीन झाल्या. लघवीचा आकडा एवढा मोठा आहे ना, त्याच्याखाली बाकी सगळं झाकलं गेलं."

"लघवी कमी झाली, मग ते पाणी गेलं कुठं?"

तिने खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या पायांकडे पाहिले. मलाही उत्तर ठाऊक होते. सकाळीच मी त्याचे मोजे काढले होते. पायावर मोज्याच्या कडेची खाच राहिली होती, त्यात माझे बोट बुडाले होते. मी ते पाहिले होते, आणि मग बेरीज करून नऊशे त्र्याऐंशी हा आकडा काढून खूश झाले होते.

मी उठले. सहा दिवस. डॉक्टर म्हणाले होते एक दिवस थांबू नका, आणि मी सहा दिवस रोज रेघ मारून थांबले होते.

मुलगा गोखिवऱ्याला कारखान्यात कामाला होता. त्याला फोन केला, पण त्याची वाट पाहिली नाही. नात रिक्षा घेऊन आली. म्हातारा उठेना.

"तळाला काय आहे ते सांग आधी."

"तळ खोटा आहे. उठा."

"खोटा कसा? तुझी बेरीज कधी चुकत नाही."

"बेरीज बरोबर आहे. करायचीच नव्हती. उठा आता, मला ओरडायला लावू नका."

त्याने खाटेच्या काठाला हात टेकला. मग म्हणाला, "मला दम लागतोय, चार दिवस झाले." आणि उठला.

रिक्षात त्याला मागे टेकता येत नव्हते. पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसला होता. प्रत्येक खड्ड्याला मी त्याच्या पाठीवर हात ठेवायची, श्वास चालू आहे ना हे बघायला. वही माझ्या मांडीवर होती. वाटले रस्त्यात फेकून द्यावी. पण डॉक्टरांना दाखवायला तीच होती.

डॉक्टरांनी वही वाचली. तळाची रेघ पाहून भुवया उचलल्या. "ही बेरीज कोणी सांगितली?"

"कोणी नाही. माझी मीच."

"रकाने मात्र नीट भरलेत. त्यावरूनच मला समजलं. आणखी दोन दिवस उशिरा आला असतात तर..." बोलता बोलता ते आत गेले. मी बाकावर बसले. नात माझा हात धरून होती. तिचा हात थंड होता. माझाही असेल.

आठ दिवसांनी त्याला घरी आणला. नातीचा पेपर झाला, तो प्रश्न आला होता, आणि तिचा बरोबर आला म्हणे.

आता मी रेघ मारत नाही. बेड नंबरचा रकानाही काढून टाकला. संध्याकाळी म्हातारा खाटेवरून विचारतो, "तळाला काय?" मी म्हणते, "तळ नाही. एकेक ऐका." आणि वाचते. वजन कालच्याएवढे. धाप दोनवर, काल एकवर होती. इथे मी थांबते, तोही थांबतो, आणि आम्ही दोघे त्याच्या पायांकडे बघतो. आधी एका आकड्याला घाबरत होते, आता सहांना घाबरते. घाबरून झाले की खाली वाकते आणि त्याच्या पायावर बोट दाबून बघते.