कर्ण्यावरून गेलेलं नाव

किसनभाऊ मला शेवटचे भेटले ते घोडेगावच्या स्टँडवर. आमच्या कबड्डी संघातून एका जुन्या खेळाडूला वगळल्याची कुणकुण मला लागली होती. मी पुण्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर आणि ते संघाचे चिटणीस, म्हणून त्यांनाच विचारलं. म्हणाले, "खरंय. पर उद्या छाप, राव. आज मी महाळुंग्याला त्याच्या घरी जाऊन येतो..." आणि एसटीत चढले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी दुकान उघडताना ते कोसळले आणि गेले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हाच माणूस मला संघाची एकही बातमी आधी देऊ देत नसे. बाजारपेठेत त्यांचं मंडप-स्पीकरचं दुकान. संघ जुन्नरला, नारायणगावला खेळायला गेला की मी सामना बघायचो, बातमी लिहायचो, पाकीट एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचो आणि ती छापून येण्याची वाट बघायचो. तोवर किसनभाऊंनी मैदानाजवळच्या एसटीडी बूथवरून दुकानात फोन केलेला असे आणि त्यांच्या पत्नी कमलवहिनींनी छपरावरच्या कर्ण्यातून निकाल साऱ्या पेठेला ऐकवलेला असे. कप्तान कोण झाला, गुडघा कोणाचा दुखावला, सगळंच. मी परत यायचो तेव्हा चहावाला मलाच सामना सांगायचा. "आमच्या संघाची बातमी आमच्याच तोंडून जायला पायजे," किसनभाऊ हसत म्हणायचे, "तुमी पेपरवाले आपलं मागनं या." मी चिडायचो, पण बसायला जागा त्यांचंच दुकान.

संतोष हा आमचा चढाईचा खेळाडू. जुन्नरच्या एका सामन्यात तो पकडीत खाली आला आणि त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. उठला, हसला, पुन्हा खेळायला निघाला आणि रेषेपाशी खाली बसला तो बसलाच. दवाखान्यात नेईपर्यंत सारं संपलं होतं. मी व्हरांड्यात उभा होतो. हातात पेन होतं, लिहीत काहीच नव्हतो. किसनभाऊंनी त्या पेनाकडे बघितलं आणि ते रस्त्यापलीकडच्या बूथकडे गेले. त्या घडीला मनात काय होतं, हे त्यांना पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. सवयीनं नंबर फिरवला, एवढंच म्हणायचे.

घोडेगावात त्या दिवशी आठवडे बाजार होता. संतोषची आई, भीमाबाई, वांगी निवडत होती. कर्ण्यातून वहिनींचा आवाज आला, मध्येच चिरकला, पण नाव सांगून झालं होतं. भीमाबाईनं भाजीवालीला विचारलं, "कुनाचं नाव घेतलं गं?" भाजीवालीनं तराजू खाली ठेवला...

तेराव्यानंतर किसनभाऊंनी कर्णा उतरवला. लग्नाकार्याला स्पीकर द्यायचे, पण स्वतः माइक हातात धरला नाही. वहिनींनी तर नाहीच. बाजाराच्या दिवशी दुकानात बसलेला हा माणूस बोलता बोलता थांबायचा आणि मोकळ्या छपराकडे बघायचा. एकदा मी विचारलं, काय झालं? "कर्णा काढला रं," म्हणाले, "पर आवाज जात न्हाई तिथनं." मला ऐकू काहीच येत नव्हतं. तरी माझीही मान वर गेली.

भीमाबाईच्या घरी ते जात राहिले. ती चहा द्यायची, बोलायची नाही. काही वर्षांनी एकदाच म्हणाली, "तुमी सांगितलं त्ये खोटं नव्हतं, भाऊ. पर माझ्या दारात येऊन सांगाया पायजे व्हतं." हे त्यांनी मला सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना.

मग मोबाइल आले. संघाची तरुण मंडळी मैदानातूनच सगळ्यांना मेसेज टाकू लागली आणि मी पुन्हा मागे पडलो. निकालाला किसनभाऊ हरकत घेत नसत. पण कुणाला लागलं, कुणाला वगळलं, तर मोबाइलवर हात ठेवून विचारायचे, "घरी कळलंय का?" आणि उत्तराची वाट न बघता चपला घालायचे.

ते गेले त्या सकाळी ओट्यावर संघाचे खेळाडू मोबाइल घेऊन उभे होते. वहिनी आतून म्हणाल्या, "थांबा. पारूवन्संला कळू दे आधी." किसनभाऊंची ही बहीण आहुप्याला दिलेली. तिथं रेंज नाही. कोण जाणार, म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागले. कोपऱ्यात बसलेली भीमाबाई उठली. "मी जाते," एवढंच म्हणाली आणि आहुप्याची एसटी धरायला स्टँडकडे चालू लागली.

दुपारपर्यंत कोणी मेसेज टाकला नाही. मीही पेपरला फोन केला नाही. परतीच्या एसटीतून दोघी उतरल्या. पारूबाईंचा हात भीमाबाईच्या हातात होता.

परवा भीमाबाई भेटली, तेव्हा विचारलं, आहुप्याला जाऊन काय सांगितलंत पारूबाईंना?

"लगीच न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "ती हंडा घिऊन येत व्हती. म्हनलं, आधी उतरव. मग तिच्याजवळ बसले... आन् मग सांगितलं."