दर पुस्तकात मरणारे भाऊजी

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम नीट बसवायची, कानामागे टोचणारी काडी गरम करून वाकवायची, सैल झालेले स्क्रू आवळायचे, असा तिचा दिवस जायचा. दुकानात तिला सगळे ताई म्हणत, पण घरात ती धाकटीच. थोरली, म्हणजे तिची जाऊ, वारून बरीच वर्षं झाली होती, तरी धाकटीची बढती काही झाली नव्हती.

दुपारी दुकान ओस पडलं की ती काउंटरमागे बसून खून करायची.

पहिलं पुस्तक तिने हौसेने लिहून पाठवलं होतं. प्रकाशनाच्या संपादकबाईंनी बोलावून घेतलं आणि टेबलावर बिस्किटांची बशी पुढे सरकवत सगळं समजावून सांगितलं. या प्रकाराला त्या 'कोझी' म्हणत. धाकटीने आपल्यापुरतं त्याचं नाव ठेवलं, सोज्वळ खून.

"हे बघा," संपादकबाई म्हणाल्या, "गाव लहान हवं, सगळे एकमेकांना ओळखणारे. खून करायचा, पण रक्त दाखवायचं नाही. लहान मुलांना आणि मांजरांना हात लावायचा नाही, वाचक माफ करत नाहीत. तपास करणारी बाई साधीसुधी, स्वतःचा छोटा धंदा असलेली. नाक खुपसणारी, पण मनाने गोड. पोलीस जरा मठ्ठ, पण सज्जन. खुनी वाचकाला सुरुवातीलाच भेटलेला पाहिजे. शेवटी कुठून तरी उपटला तर ती फसवणूक होते. पुरावे वाचकाच्या डोळ्यांदेखत मांडायचे, फक्त वर काहीतरी पांघरूण घालायचं. मग सगळ्यांना एका खोलीत गोळा करून गाठ सोडवायची. पुस्तक मिटताना गाव पुन्हा जागच्या जागी."

"आणि मरणारा?" धाकटीने विचारलं.

"तोच तर महत्त्वाचा. तो असा हवा की त्याच्यासाठी कोणी रडू नये. चार-पाच जणांना तो मेलेला हवा असला पाहिजे, आणि वाचकालाही थोडासा."

धाकटीला फार डोकं खाजवावं लागलं नाही. असा माणूस तिच्या डोक्यावरच राहत होता, बरोबर वरच्या मजल्यावर. तिचे थोरले दीर. भाऊजी.

भाऊजी वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभं आयुष्य दुकानादुकानांतून काटे तपासण्यात गेलं आणि निवृत्तीनंतर नोकरी सुटली तरी खोड सुटली नाही. पाव आणला की तो हातावर तोलून बघत. चहा पुढे आला की आधी कपात डोकावत आणि म्हणत, "हा पाऊण कप आहे." जिन्यात कोणाची चप्पल आडवी दिसली की दोनदा घसा खाकरून दार वाजवत. दार उघडलं की एकच वाक्य, "हे बरोबर नाही." त्यांचं बहुतेक वेळा खरं असायचं, आणि लोकांना नेमका त्याचाच राग यायचा. इमारतीतली पोरं त्यांना 'तराजू' म्हणत.

त्यांच्या एकुलत्या मुलीने तर बोलणंच टाकलं होतं. थोरली शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा मुलगी आईचा हात धरून बसली होती आणि भाऊजी बाहेर नर्सशी भांडत होते, सलाईनचे थेंब मिनिटाला जितके पडायला हवेत तितके पडत नाहीत म्हणून. ते आत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुलगी दूर निघून गेली ती गेलीच.

तर धाकटीने भाऊजींना मारलं. मिशी लावली, डोक्यावर टोपी घातली, निरीक्षकाचा गावचा पोस्टमास्तर केला, आणि दुसऱ्याच प्रकरणात त्यांना पाववाल्या बाईच्या दुकानामागे पालथं पाडलं. ही पाववाली बाई म्हणजे तिची तपास करणारी. पुस्तक खपलं. संपादकबाई खूश. "मरणारा काय झालाय हो! दोनदा घसा खाकरतो तेव्हाच त्याचा गळा दाबावासा वाटतो."

मग धाकटीने त्यांना सोडलंच नाही. पुढच्या पुस्तकात ते संगीतशिक्षक होते, त्याच्या पुढच्यात ग्रंथपाल, मग बागांच्या स्पर्धेचे परीक्षक. कधी विष, कधी जिना, कधी तळघराचं अडकलेलं दार. घसा खाकरणं आणि पाव तोलून बघणं तेवढं कायम. नवऱ्याला हे ठाऊक होतं. तो लिफ्ट दुरुस्तीला जायचा, संध्याकाळी हात पुसत पुसत विचारायचा, "दादाचा निकाल लागला का?" आणि दोघं तोंड दाबून हसायची. वरच्या मजल्यावर ऐकू जाईल म्हणून.

आपण काही वाईट करतोय असं धाकटीला कधी वाटलं नाही. भाऊजींना दोन्ही वेळचा डबा तीच पोचवत होती. तोंडावर उलटून बोलत नव्हती. कागदावर काय ते उरकत होती. आणि भाऊजी कुठे गोष्टीची पुस्तकं वाचणार!

एक दिवस भाऊजी दुकानात आले. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणाले. डोळे तपासणारे डॉक्टर त्या दिवशी नव्हते, पण साधा नंबर धाकटीलाही काढता यायचा. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, तपासणीची ती जड गोल फ्रेम नाकावर चढवली आणि एकेक भिंग घालून बघू लागली. भिंगामागे त्यांचे डोळे केवढेतरी मोठे दिसत होते.

"हे स्पष्ट की हे?"

"पहिलं." भाऊजींनी दोनदा घसा खाकरला. "या वेळी मला कशाने मारतेस?"

धाकटीने हातातलं भिंग खाली ठेवलं.

"काय म्हणालात?"

"मागच्या खेपेला तळघरात कोंडलं होतंस. ते पटलं नाही मला. तशा दाराखाली फट असते, हवा येते. माणूस मरत नाही इतक्या लवकर." ते समोरच्या अक्षरांच्या पाटीकडेच बघत होते. "बाकी पुस्तक ठीक होतं."

"भाऊजी, ती... ती नुसती गोष्ट असते हो."

"मी कुठे काय म्हणतोय? सगळी वाचलीत मी. वाचनालयात नाव नोंदवलंय." मग म्हणाले, "एक विचारायचं होतं. दर वेळी माणूस मरतो. मग सगळे चहा पितात, कोणी काय पाहिलं ते सांगतात, ती पाववाली इकडे तिकडे फिरते. रडत कोणीच नाही. असं का?"

"तसा नियमच असतो," धाकटी म्हणाली.

"लेखी?"

"लेखी नाही. पण वाचकाला हळहळ वाटली तर मग त्याला कोड्यात गंमत वाटत नाही. म्हणून मरणारा तसा निवडायचा..." आणि वाक्य कुठे चाललंय हे लक्षात येऊन तिने पुढचं भिंग उचललं.

"हां. बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. "दुसरं भिंग लाव."

धाकटीची झोप उडाली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे दादा वाचतो तुझी पुस्तकं? मग चांगलंच आहे की!" आणि कुशीवर वळला.

पुढच्याच आठवड्यात तिने नवं पुस्तक लिहायला घेतलं. मरणारा तोच, या खेपेला घड्याळजी. पण मधे तिने एक प्रकरण घातलं. पाववाली पुरावा शोधायला मेलेल्या माणसाच्या स्वयंपाकघरात जाते. ओट्यावर एकच कप धुऊन पालथा घातलेला असतो. शेजारी एकच बशी, एकच चमचा. पाववालीला आठवतं की हा माणूस रोज तिच्या दुकानात यायचा, पाव तोलून बघायचा, भांडायचा, आणि रोज त्या निमित्ताने दोन माणसांशी बोलून जायचा. ती तिथल्या स्टुलावर बसते आणि रडते. खूप वेळ. त्या प्रकरणात दुसरं काहीच घडत नव्हतं. धाकटीने आजवर लिहिलेल्यातलं ते सगळ्यात चांगलं होतं, आणि हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

डबा द्यायला गेली तेव्हा तिला राहवलं नाही. "भाऊजी, या पुस्तकात एक जण रडतंय बरं का."

भाऊजी भाजी वाढून घेत होते. वाटी भरली का ते बघून म्हणाले, "कोण?"

"पाववाली बाई."

"ती कशाला रडेल?" ते म्हणाले. पण त्या दिवशी भाजी कमी आहे असं काही म्हणाले नाहीत. पुढे मात्र अधूनमधून विचारू लागले, "छापायला गेलं का?"

संपादकबाईंनी बोलावलं तेव्हा बिस्किटांची बशी तीच होती.

"स्वयंपाकघराचं प्रकरण," त्या म्हणाल्या. "फार सुंदर लिहिलंय. मला स्वतःला रडू आलं. काढून टाका."

"का पण?"

"अहो, आपली वाचक दुपारी पाय पसरून बसते, हातात चहा असतो. तिला खून हवा असतो, मरण नको असतं. मरण तिच्या घरात आहेच की. या कपावरून ती पुढे जाणारच नाही. पुस्तक मिटून बसून राहील."

"एवढं एकच राहू दे ना. बाकी सगळं तुमच्या नियमात आहे."

"मग मालिकेतून काढावं लागेल. वेगळं गंभीर पुस्तक म्हणून कोणी छापलं तर बघा." त्यांचा आवाज दुष्ट नव्हता. "हट्ट करू नका हो. एका कपासाठी?"

धाकटीने विचार करायला वेळ मागून घेतला नाही, हे तिला पुढे फार लागून राहिलं. तिथेच पेन घेतलं आणि पानांवर रेघ ओढली. पाववाली स्वयंपाकघरात जाते, घड्याळाची तुटलेली किल्ली उचलते आणि मांजराला दूध घालायला घरी येते. दोन ओळींत भागलं. कथा तर आणखी वेगवान झाली.

पुस्तक आलं. धाकटीने घरी येणाऱ्या प्रती कपाटात मागे ढकलल्या, पण वाचनालयात कोण कुलूप घालणार? भाऊजी दुकानात आले तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसली होती. ती जाईपर्यंत ते भिंतीवरच्या फ्रेमा बघत उभे राहिले.

"नंबर पुन्हा बघ," ते म्हणाले. "काहीतरी चुकलंय."

"अजून वर्षही नाही झालं, भाऊजी."

"ती बाई सापडली नाही मला. रडणारी. दोनदा वाचलं. मला वाटलं, नजर चुकतेय."

खोटं बोलायला जागा होती. मधली पानं निसटली असतील, बांधणीवाल्याने घोळ घातला असेल, काहीही खपून गेलं असतं. पण ज्याने जन्मभर खोटे काटे पकडले त्याच्या तोंडावर धाकटीला ते जमेना.

"नंबर बरोबर आहे," ती म्हणाली. "ते काढलं."

"कोणी?"

"मीच काढलं."

भाऊजींनी चष्मा हातात घेतला, शर्टाच्या टोकाने पुसला. "नियम असेल," ते म्हणाले.

"हो."

"मग ठीक आहे." ते पायरी उतरले. धाकटी काचेतून बघत राहिली. हाक मारावी असं तिला वाटलं, पण हाक मारून सांगायचं काय?

थंडीत भाऊजींच्या छातीत कफ साचला. दवाखान्यात नेलं, चार दिवस ठेवलं, आणि एका सकाळी धाकटी डबा घेऊन गेली तर खाट रिकामी करण्याची घाई चालली होती. तिच्या पुस्तकांत माणूस मेला की निदान पाच जणांना विचारतात, तुम्ही कुठे होतात, शेवटचं कधी पाहिलंत, तो काय म्हणाला. इथे वॉर्डातल्या माणसाने एकच विचारलं, "यांचं कोणी आहे का?"

"मी आहे."

"नातं?"

"धाकट्या भावाची बायको."

"मुलंबाळं?"

"एक मुलगी आहे. लांब असते."

"मग तुम्हीच सही करा."

अंत्यविधीला दहाबारा माणसं होती. बरीच घड्याळाकडे बघत होती. कोणीतरी हळूच म्हणालं, "आता जिन्यात चपला ठेवायला हरकत नाही," आणि जवळच्यांनी हसू गिळलं. नवरा म्हणाला, "सुटला दादा." धाकटीने रडायचा खरोखर प्रयत्न केला. डोळे मिटून तो पालथा कप आठवून बघितला. पण कप तिने स्वतः रचलेला होता, आणि भाऊजी समोर होते, आणि रडू काही आलं नाही. आपण पुस्तकांत लिहिलं ते खरंच होतं, अशा माणसासाठी कोणी रडत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

पुतणी आली ती घर रिकामं करायला. एका दिवसात सगळं आवरलं. वडलांचा चष्मासुद्धा तिने रद्दीच्या ढिगावर ठेवला होता. धाकटीने तो उचलला नाही, कारण उचलायचा हक्क आपल्याला आहे असं तिला वाटलं नाही. जाताना पुतणी म्हणाली, "काकू, तुम्ही पुस्तकं लिहिता ना? द्या की दोन-चार. प्रवास लांबचा आहे."

धाकटीला नाही म्हणता आलं नाही. तिने दिली. मग कितीतरी दिवस फोन वाजला की ती तो नवऱ्याला उचलायला लावायची.

फोन आला तो रविवारी, जेवायच्या वेळी.

"काकू, काय धमाल लिहिता हो!" पुतणी म्हणाली. "सगळी वाचून काढली. खुनी एकदाही ओळखता आला नाही मला. पण तो मरणारा म्हातारा कुठून सुचतो तुम्हाला? काय खवट आहे! पाव काय तोलतो, घसा काय खाकरतो! असा माणूस खरंच कोणाच्या घरात असतो का?"

ती थट्टा करत नव्हती. टोमणाही नव्हता. धाकटीने कान देऊन ऐकलं, आवाजात कुठे काही अडकतंय का ते. काही अडकत नव्हतं.

"सुचतो आपला," धाकटी म्हणाली.

"आणि एक बरं केलंत. त्याच्यासाठी वाईट वाटू देत नाही तुम्ही. नाहीतर मी गाडीत रडत बसले असते. नवं आलं की पाठवा हं."

"पाठवते."

तिने फोन ठेवला. नवरा पानावरून मान वर करून बघत होता.

"काय म्हणत होती?"

"पुस्तकं आवडली म्हणाली."

"बघ!" तो म्हणाला. "तू उगाच घाबरत होतीस." आणि त्याने आमटी पुढे ओढली.