तरवडाची माळ आणि पहाऱ्यावरची सून

आमच्या माळावरच्या फुलांचा चोर मला घटस्थापनेच्या दिवशी सकाळीच सापडला. तो आमच्याच देवघरात मांडी घालून माळ ओवत बसला होता आणि मला म्हणाला, "वातीचा कापूस दे गं जरा."

हा चोर म्हणजे माझी सासू. आमच्या धाराशिवकडं सासूला आत्या म्हणतात. आणि आमच्या आत्यांना चोर म्हणायची ताकद आमच्या घराण्यात अजून कुणाला आलेली नाही.

कॉलनीच्या मागं एक माळ आहे. दर रविवारी आम्ही दहा-पंधरा जण तिथं राबतो. आधी नुसती वेडी बाभूळ माजली होती. ती खणून काढली (तिचे निम्मे काटे अजून माझ्या टाचेत आहेत) आणि इथलीच बोर, हिवर, तरवड अशी झाडंझुडपं परत लावली, जगवली. यंदा तरवड पहिल्यांदाच भरभरून फुलला, पिवळाधमक. कळंबच्या मंडळींनाही त्यांचा माळ असाच करायचा होता. त्यांना तरवडाचं बी द्यायचं आम्ही कबूल केलं. आता फुलंच तोडली तर शेंगा कुठून धरणार? म्हणून बैठकीत मीच ताडकन उठून ठराव मांडला, की फुलं तोडताना जो सापडेल त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. काय टाळ्या पडल्या! नवरात्र तोंडावर आलंय आणि आमच्याकडं घटाला तरवडाच्या फुलांची माळ घालतात, हे त्या टाळ्यांत मला सुचलंच नाही.

"आत्या, ही फुलं कुठली?"

"देवीनं दिली."

"कुठं दिली?"

"तुमच्या माळावर. फाटक उघडंच हुतं."

तेवढ्यात ग्रुपवर सरांचा मेसेज. (सर म्हणजे आमचे अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झालेत, पण वर्ग काही सुटलेला नाही.) दोन झुडपं कुणीतरी ओरबाडली आहेत, चोर शोधलाच पाहिजे, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली सगळ्यांचे अंगठे. मीही एक अंगठा टाकला. नसता टाकला तर संशय आला असता!

नवऱ्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझी सासू, तू बघ." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपली आई पूर्णपणे माझ्या नावावर करून द्यायची त्याची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे बाजारात पळाले आणि तरवडाची फुलं विकत आणली. आत्यांनी एक फूल उचललं, वास घेतला आणि खाली ठेवलं. शिळी फुलं देवीला चालत नाहीत, म्हणाल्या. मी येईपर्यंत त्यांची माळावर एक फेरी झालीसुद्धा होती. तिकडं ग्रुपवर तिसरं झुडूप गेल्याची बातमी. माझं जेवण सुटलं. उपास आत्यांचा आणि वाळत चालले होते मी.

शेवटी मी ठरवलं, आपणच पहाऱ्याला उभं राहायचं. मी पुढं होऊन जबाबदारी घेतल्यावर सर गहिवरले. "सगळ्यांनी ताईंचा आदर्श घ्यावा," असं त्यांनी ग्रुपवर लिहिलं. मला तर रडूच आलं.

सकाळी उजाडता उजाडता मी माळावर हजर. थोड्या वेळात आत्या आल्याच, हातात परडी. मी आडवी उभी राहिले. आत्या, नका तोडू, माझी अब्रू जाईल, लोक काय म्हणतील, असं काय काय बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं? आता ती वरची फांदी वाकव. माझा हात पोचंना."

आता सांगा, सासूनं फांदी धर म्हटल्यावर कुठली सून नाही म्हणते? हात आपोआपच वर गेला. मी फांदी वाकवली, आत्या झुडपामागं बसून फुलं खुडायला लागल्या, आणि समोरून सर आले. त्यांना आत्या दिसल्याच नाहीत. दिसले मी. दोन्ही हातांनी फांदी धरलेली, डोक्यावर मीच रंगवलेली 'फुले तोडू नयेत' ही पाटी. सरांनी ठराव पाळला. घरी पोचायच्या आत माझा फोटो सगळ्यांनी बघितला होता.

संध्याकाळी बैठक. ग्रुपमधून माझं नाव कमी करायचं, यावर चर्चा चाललेली. मी मान खाली घालून बसलेले. एवढ्यात आत्या डोक्यावरचा पदर सावरत आल्या.

"फुलं म्या तोडली. हिनं नुसती फांदी धरली."

सरांनी हळूच कळंबचं सांगितलं, बियांचं सांगितलं. आत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"म्हंजी त्येंच्या माळावर तरवडच न्हाय?"

"नाही ना, मावशी."

"मग त्येंच्या देवीला माळ कशाची?"

याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. आत्या माझ्याकडं वळल्या. "हे सांगाया तुझं तोंड दुखत हुतं व्हय?"

खरंच की! चार दिवस मी माझी अब्रूच सांभाळत बसले आणि सांगायचं तेवढंच राहिलं. आत्यांनी लगेच जाहीर केलं, उद्यापासून ढोकीचा भाचा शेतातली कारळ्याची पिवळी फुलं आणून देईल, देवीला तीही चालतात, तरवडाला कुणी हात लावायचा नाही. सर इतके खूश झाले, की शेंगा वाळेपर्यंत माळाची राखण आत्यांनीच करावी असा ठराव त्यांनी मांडला.

"करते की," आत्या म्हणाल्या, "पर एक अट हाय. हिला आत सोडायचं न्हाय. हिचा हात लई सोकावलाय."

ठराव एकमतानं मंजूर झाला. मीसुद्धा हात वर केला. न करून सांगते कुणाला, घरी आत्यांच्याबरोबरच जायचं होतं!