नकाशातलं पिवळं घर

हिंदी मुलखातल्या चेरीताल मोहल्ल्याच्या त्या गल्लीत भय्यासाहेब पिंपळखुट्यांच्या तोडीचं अक्षर कुणाचं नव्हतं. संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत, ड्रॉइंग ऑफिसात, त्यांनी चौतीस वर्षं नकाशे काढले होते. निवृत्त झाल्यावर गल्लीच्या लग्नपत्रिकांवरची नावं, गणपतीचा फलक, कुणाकुणाचे अर्ज असं सगळं लिखाण त्यांच्याकडे येऊ लागलं आणि त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. माणसाला आपल्या एखाद्या गुणाचा अभिमान असतोच. भय्यासाहेबांचा जरा ऐसपैस होता. सही करायची तरी ते आधी कागद सरळ करून, त्यावर फुंकर मारून घेत. त्याच अक्षरानं त्यांचं भर सभेत नाक कापलं, आणि ज्यांनी ते पाहिलं ते आजही त्यांच्यासमोर तो विषय काढत नाहीत. भले लोक आहेत.

झालं असं, की शहराच्या महापालिकेत एक ठराव झाला. जुन्या मोहल्ल्यांचा नवा नकाशा करायचा आणि त्यात प्रत्येक घराला रंग द्यायचा. फक्त राहायचं घर पिवळं, दुकान निळं, आणि जिथं माणसं राहतातही आणि काही कामधंदाही करतात, त्या घराच्या पिवळ्यावर निळ्या रेघा. रेघांच्या घराला परवाना मिळणार होता. परवाना असला की घरूनच धंदा करता येईल, वसतिगृहांची, दवाखान्यांची मोठी कामंही घेता येतील, मोहल्ल्यातल्या बायांच्या हाताला काम मिळेल, असा त्यामागचा हेतू. पिवळ्या घरातली चूल मात्र घरच्यांपुरतीच. कुठल्या घरात काय चालतं ते लिहून देण्याचं काम मोहल्ला समितीकडे आलं, आणि समितीनं ते कुणाकडे दिलं हे काय सांगायला हवं?

भय्यासाहेब तीन दिवस पॅड घेऊन गल्लीत फिरले. "क्या काम चलता है घर से?" दारोदार हाच प्रश्न. गुप्तांची सून बडा फुहाऱ्याच्या बाजारातल्या कापडवाल्यांच्या साड्यांना फॉल लावून देते, लिहिलं. आलोकनं पुढच्या खोलीत मोबाइल दुरुस्तीचं टेबल टाकलंय, लिहिलं. एक म्हातारी उन्हाळ्यात लोणचं घालून विकते, तेही लिहिलं. कुणाच्या घरात काय शिजतं ते कागदावर आणताना त्यांचा हात एकदाही अडखळला नाही.

अडखळला तो बेबीवहिनींच्या दारात.

बेबीवहिनी म्हणजे रामरावांच्या पत्नी. रामराव फॅक्टरीत भय्यासाहेबांच्या शेजारच्या टेबलावर बसत. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या अस्थी तिलवाऱ्याच्या घाटावर नदीत सोडून आल्यावर वहिनींनी रडणं आवरलं आणि दोन महिन्यांत डबे द्यायला सुरुवात केली. आधी दोन, मग आठ, आता तेवीस. त्यातला एक डबा सात वर्षांपासून भय्यासाहेबांकडे येत होता. त्यांची पत्नी गेली, मुलगा पुण्याला. तेव्हापासून दोन्ही वेळा त्यांच्या पोटात जाई ते वहिनींच्या हातचं. भाकरी, वांग्याची भाजी, गुरुवारी बेसनाच्या पातोडीचा रस्सा.

पण डबा 'विकत' येतो, हे भय्यासाहेबांनी कधी तोंडातून काढलं नाही. आपल्या माणसांत असं बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. महिन्याच्या एक तारखेला ते एक पाकीट डब्यात ठेवत आणि त्यावर वळणदार अक्षरात लिहीत : 'सौ. वहिनींस सप्रेम भेट.' रामराव गेल्यावरही 'सौ.' लिहायची सवय सुटली नाही, आणि वहिनीही काही बोलल्या नाहीत. गल्लीतल्या बाकीच्या मराठी घरांनीही त्यांचंच पाहून तशीच पाकिटं सुरू केली. शिवाय रिकामा डबा परत पाठवायचा नाही ही आपली रीत. भय्यासाहेब धुतलेल्या डब्यात कधी गुळाचा खडा, कधी दोन पेरू, काही नसलं तर चिमूटभर साखर ठेवत. म्हणजे देणंघेणं झालं. धंदा कुठे झाला? इतकं सोयीचं गणित त्यांनी फॅक्टरीतही कधी मांडलं नसेल.

तर त्या दिवशी वहिनी ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. भय्यासाहेबांनी नुसतं हसून पुढं पाऊल टाकलं.

"काहून भय्यासाहेब? आमचं नाही लिहून राहिले का?"

"तुमचं काय लिहायचं वहिनी! तुमचं घर म्हणजे घर."

"अच्छा? आणि तेवीस डबे कोण देते मग? लिहा ना. खानावळ लिहा."

"रामरावांच्या घरावर खानावळ लिहू?" भय्यासाहेब हसले. वहिनी हसल्या नाहीत. "लिहा जी," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या पोरीला, अवंतीला, पुढं हेच करायचं आहे. कागद पाहिजे तिले."

भय्यासाहेबांनी मान हलवली, पॅडवर पेन चालवलं. वहिनींना वाटलं, लिहिलं. त्या पुन्हा मेथीकडे वळल्या.

त्यांनी काय लिहिलं होतं? 'श्रीमती बेबी रामराव. गृहिणी. व्यवसाय : निरंक.' घरी येऊन त्यांनी तो कागद पुन्हा वाचला आणि त्यांना समाधान वाटलं, हे विशेष. एका सभ्य घराची अब्रू आपण राखली असं त्यांना वाटलं. मोठ्या मनानं माणूस किती वाईट वागू शकतो त्याला सीमा नाही.

नवा नकाशा वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लागला तेव्हा गुप्तांच्या घरावर रेघा होत्या, आलोकच्या होत्या, लोणच्यावाल्या म्हातारीच्याही होत्या. वहिनींचं घर मधोमध पिवळंधमक. आणि पाठोपाठ नोटीस आली, की राहत्या घरात व्यावसायिक स्वयंपाकघर चालू असल्याचं आढळलं आहे, पंधरा दिवसांत बंद करावं. आक्षेप असेल तर सुनावणीला हजर राहावं.

अवंती नोटीस घेऊन तडक भय्यासाहेबांकडे आली. तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी, हॉटेल मॅनेजमेंट केलेली, नागपूरची नोकरी सोडून आईसाठी परत आलेली. मुलींच्या एका वसतिगृहाचे चाळीस डबे तिनं बोलून ठेवले होते. फक्त परवाना दाखवायचा राहिला होता.

"काका, तुम्ही तर लिहिलं होतं ना? आई म्हणते, तिच्यासमोर लिहिलं."

आता सांगून टाकायचं होतं. दार लावलेलं, घरात दोघंच. चुकलो बेटा, एवढे दोन शब्द. पण पोरीच्या डोळ्यांत त्यांच्याबद्दल इतका विश्वास होता की भय्यासाहेब भलतंच बोलून गेले. "मी तर बरोबर दिलं होतं. ऑफिसात उतरवताना गडबड झाली असेल. तिथली माणसं अशीच."

"मला वाटलंच! वो दफ़्तर की रुचिरा मैडम, दिनभर फोन पे रहती है. काका, तुम्ही अर्ज लिहून द्या ना. तुमचं अक्षर पाहून कोणी ना नाही म्हणत."

आणि भय्यासाहेबांनी अर्ज लिहिला. कागद सरळ केला, फुंकर मारली, आणि शुद्ध हिंदीत लिहिलं, की सर्वेक्षणात योग्य माहिती दिली असताना कार्यालयातील संबंधित महिला लिपिकाच्या निष्काळजीपणामुळे ही त्रुटी झाली आहे, तिच्यावर उचित कारवाई व्हावी. खाली वहिनींची सही घेतली. त्या रात्री डबा आला. पातोडीचा रस्सा होता. त्यांनी तो गाईला घातला आणि डब्यात पेरू ठेवले.

सुनावणीला गल्लीतले वीसेक लोक होते. अधिकारी मध्यमवयीन, थकलेले, पण ऐकून घेणारे. त्यांनी अर्ज वाचला आणि बाजूला उभ्या असलेल्या रुचिराकडे पाहिलं. ती तिशीची बाई, चेहरा उतरलेला. तिला या अर्जावरून आधीच वरून बोलणी बसली होती.

"सर, मैंने जो कागज़ आया, वही चढ़ाया," ती म्हणाली आणि तिनं फायलीतून मूळ पान काढून टेबलावर ठेवलं.

अधिकाऱ्यांनी ते पान अर्जाच्या शेजारी ठेवलं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग चष्मा काढून म्हणाले, "अरे, दोनों की लिखावट तो एक ही है. बड़ी सुंदर है."

सगळ्यांत आधी अवंतीला कळलं. ती वाकून दोन्ही कागद पाहू लागली. दोन्हीकडे सारखाच गोलाई दिलेला 'ब', सारखीच शेवटी वर वळवलेली मात्रा. तिनं मागे वळून भय्यासाहेबांकडे पाहिलं आणि दोन्ही कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. वहिनी खाली बघून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. भय्यासाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगावरचे कपडे उतरवून कुणी चौकात उभं केलं असतं तरी इतकी लाज वाटली नसती.

अधिकाऱ्यांना पुढं जायचं होतं. "माताजी, आपका काम पहले से चलता था, इसका कोई सबूत है? रसीद, बिल, कुछ भी?"

वहिनींनी पिशवीतून पाकिटांचा गठ्ठा काढला. सात वर्षांची पाकिटं, सुतळीनं बांधलेली. त्यांनी एकही फेकलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी एक पाहिलं, दुसरं पाहिलं.

"इन पर तो 'सप्रेम भेट' लिखा है. ये तो उपहार हुए."

कुणीतरी मागे खुसखुसलं. वहिनींचा हात गठ्ठ्यावर तसाच राहिला. त्यांचं तोंड एवढंसं झालं, आणि ते पाहून भय्यासाहेब उठले. ते धाडसानं उठले असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खरं म्हणजे बसून राहणं त्यांना सहन होईना.

"साहब, वो उपहार नहीं है," ते म्हणाले. "वो खाने का पैसा है. मैं ग्राहक हूँ. सात साल से दोनों टाइम इनका खाना ख़रीदकर खाता हूँ. इन्होंने मुझसे कहा था, खानावळ लिखो. मैंने नहीं लिखा. इन मैडम की कोई ग़लती नहीं है. अर्ज़ी में मैंने झूठ लिखा."

"क्यों?" अधिकाऱ्यांनी साधेपणानं विचारलं.

वहिनींच्या अब्रूसाठी, असं ते इतके दिवस स्वतःला सांगत आले होते. पण वहिनींनी तर भर ओट्यावर बसून 'खानावळ लिहा' म्हटलं होतं. त्यांना कसली लाज नव्हती. लाज भय्यासाहेबांची होती. आपण खानावळीत जेवतो, रामरावाच्या बायकोला पैसे देऊन जेवतो, हे त्यांनाच कागदावर नको होतं.

"मुझे शर्म आती थी," ते म्हणाले. "इनको नहीं, साहब. मुझे."

अधिकाऱ्यांनी हे सगळं लिहून द्यायला सांगितलं. भय्यासाहेबांनी लिहिलं. ओळी वाकड्या गेल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी इतकं वाईट अक्षर काढलं नव्हतं. मग बाकीच्या मराठी घरांनीही एकेक करून सह्या केल्या, खाली मान घालून. जाताना भय्यासाहेब रुचिरासमोर हात जोडून उभे राहिले. ती "ठीक है, अंकल" म्हणाली आणि फाईल उचलून आत गेली.

तीन आठवड्यांनी आदेश आला. नकाशावर वहिनींच्या घराला निळ्या रेघा पडल्या. चाळीस डबे सुरू झाले, गुप्तांची धाकटी सून पोळ्या लाटायला येऊ लागली. ओट्यावर पाटी लागली : 'रामराव भोजनालय'. पाटी बाजारातून रंगवून आणली होती, अक्षर यथातथाच. गल्लीत पहिल्यांदाच कुणी भय्यासाहेबांना पाटी लिहायला सांगितलं नव्हतं.

ह्या सगळ्या दिवसांत त्यांचा डबा एकदाही चुकला नाही. मीठही कमीजास्त झालं नाही. एक तारखेला डब्यावर छापील पावती आली. ग्राहकाचं नाव : श्री. पिंपळखुटे. भय्यासाहेबांनी पाकीट काढलं, पेन उघडलं, आणि वर काय लिहावं ते न सुचून कोरंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अवंती डबा न्यायला आली. भय्यासाहेबांनी धुवून पुसून ठेवला होता. तिनं झाकण उघडलं, आत गुळाचा खडा होता.

"काका, आईनं सांगितलं आहे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता कामाचा निरोप होता. "डब्यात आता काही नका टाकत जाऊ. कस्टमरचा डबा रिकामाच वापस येते."

भय्यासाहेबांनी गुळाचा खडा उचलून घेतला. अवंतीनं झाकण लावलं, डबा बाकीच्या डब्यांबरोबर पिशवीत ठेवला आणि ती पुढच्या घराच्या दाराकडे गेली.